काल्पनिक प्रदेश ‘सावळखोरे’: नकाशा आणि हजार वर्षांचा इतिहास तपासून हवा

शाळूचं कणीस

मंडळी, कादंबरीसाठी एक प्रदेश रचतोय. जग वेगळं आहे, पण माती आपली, मराठवाड्याची हवी. नकाशा काढून झालाय, इतिहासाचा सांगाडाही उभा आहे. खोट कुठं आहे ते बिनधास्त सांगा.

प्रदेश पूर्व-पश्चिम ३८० किमी, दक्षिणोत्तर २२० किमी. पश्चिमेला दातेरी नावाची उंच रांग, तिच्यापलीकडं समुद्र. पाऊस तिकडून येतो आणि पूर्वेकडं सरकताना कमी कमी होत जातो. पूर्व टोकाला वाळवंट. सावळा नदी दातेरीत उगम पावते आणि मध्यावर दुभंग या गावी फुटते. एक फाटा आग्नेयेच्या समुद्राला जातो, दुसरा उत्तरेच्या सरोवराला. राजधानी काळदुर्ग, पठाराच्या मधोमध एकट्या टोकदार डोंगरावर. वस्ती दोन लाख, आणि हजार वर्षं राजधानी तीच. राजाकडं पन्नास हजार घोडदळ. कथेतली मोठी स्वारी आषाढात निघते (मला पूर पाहिजे) आणि १९० किमीवरची पूर्व सीमा तीन दिवसांत गाठते.

जादू एकच, पाथरवट विद्या. ज्याला ती येते त्यानं हात ठेवला की दगड मऊ होतो आणि खरवडून काढता येतो. दिवसाला एक घनमीटर. त्यापुढं गेला तर बोटं कायमची बधिर. माती, वीट, लाकूड यांवर ती चालत नाही. हजारात एकाला येते. एकूण प्रजा चाळीस लाख.

बालाघाटी

आधी पाऊस, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे.

समुद्राकडून येणारे ढग रांगेवर चढताना रिकामे होतात. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरला साडेपाच हजार मिमीच्या पुढं पाऊस पडतो आणि तिथून पूर्वेला उतरलात की शंभर किमीच्या आत तो पाच-सहाशेवर येतो. म्हणजे सगळ्यात कोरडा पट्टा डोंगराच्या पाठीशी असतो, दूरच्या टोकाला नाही. आपल्याकडं आष्टी, पाटोदा, भूम, परांडा हा तो पट्टा. तिथून पूर्वेला गेलं की पाऊस पुन्हा वाढतो, नांदेडकडं नऊशे मिमीच्या आसपास होतो, कारण बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे पट्टे तिकडून आत येतात. किनवट-माहूरला सागाचं जंगल आहे ते त्यामुळं.

तुमच्या आग्नेयेलाही समुद्र आहेच. तेव्हा वाळवंट काढून टाका. पश्चिमेला दातेरीच्या पायथ्यापासून साधारण ६० ते १५० किमीचा पट्टा मेंढपाळांचा, बाजरीचा, खुरट्या बाभळीचा करा. मध्ये काळी कसदार जमीन, शाळू आणि कापूस. पूर्व टोकाला साग आणि बांबू. कथेला हे जास्त सोयीचं आहे: उपाशी पट्टा घाटवाटांवर बसलाय, त्यामुळं समुद्राकडून येणारा प्रत्येक तांडा त्याच्या हद्दीतून जाणार. जकात आणि लूट या दोन्हींचं गाव तेच.

आता नदी. नदी दोन दिशांना दोन पाण्यांकडं फुटायली, हे मुखाशी त्रिभुज प्रदेशात चालतं, पठारावर नाही. दोन वाटांपैकी एक बोटभर जरी खोल असली तरी काही पावसाळ्यांत सगळं पाणी तीच ओढून घेते. नद्या एकमेकींना मिळतात, आणि मिळताना कोन खालच्या बाजूला निमुळता होतो. नवख्या नकाशांत उपनद्या काटकोनात चिकटवलेल्या असतात, तसं करू नका.

तुम्हाला विचित्र नदीच हवी असेल तर मांजरा घ्या. पाटोद्याकडं उगम, मग पूर्वेला-आग्नेयेला लातूर-बीदरकडं जाते, आणि तिथून वळून उत्तरेला येऊन गोदावरीला मिळते. दोन नद्या शे-दीडशे किमी जवळजवळ समांतर चालतात आणि मधल्या बालाघाटामुळं भेटत नाहीत. दुभंग गाव तुम्ही या पाणलोटाच्या कण्यावर ठेवा: गावाच्या उत्तरेकडच्या पागोळ्यांचं पाणी एका नदीला, दक्षिणेकडचं दुसरीला. नाव टिकलं आणि भूगोलही सुटला.

उतार विसरू नका. गोदावरी पैठणजवळ समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर आहे आणि नांदेडजवळ साडेतीनशेच्या आसपास. एवढ्या लांबीत शंभरेक मीटर. अशी नदी पठारावर धबधबे घेत नाही. ती रुंद, संथ आणि उन्हाळ्यात डोहांपुरती उरलेली असते. धबधबे दाखवायचे तर पठाराच्या कडेला, अजिंठ्याच्या वाघोरेसारखे.

आणि टोकदार डोंगर नको. खाली वाचा, कोणीतरी खडकावर लिहीलच.

मांजऱ्या खडक

लिहितो.

आपलं पठार लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालं, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. थर आडवे आहेत, म्हणून डोंगर झिजताना पायऱ्या पडतात आणि माथा सपाट राहतो. टोकदार सुळके क्वचित. काळदुर्गाला सपाट माथा आणि खाली दोन-तीन उभे कडे द्या. देवगिरीचा डोंगर सुमारे दोनशे मीटर उंच आहे आणि त्याच्या बाजू माणसांनी तासून सरळ केल्यात. खाली खडकातच खोदलेला खंदक आणि वर जायला एक अंधारी वाट. तुमच्या पाथरवटांना हे काम सहज जमेल.

पण थांबा, तुमची विद्या तुम्हाला वाटते त्यापेक्षा फार मोठी आहे. हिशोब करू.

विहिरीसाठी इथं वरून खाली असं लागतं: काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या (पोकळ्या असलेला, कुदळीला दाद देणारा खडक), मग घट्ट काळा पाषाण. मधेच एखादा तांबडा, गेरूसारखा पातळ थर, तो दोन लाव्ह्यांच्या मधला. पाणी मुरमात, मांजऱ्यात आणि पाषाणाच्या भेगांत असतं. सहा मीटर व्यासाची, बारा मीटर खोल विहीर धरा. वरचे सहा मीटर माती-मुरूम, ते कोणीही खणेल. खालचे सहा मीटर दगड म्हणजे सुमारे १७० घनमीटर. चार पाथरवट लावले तर दीड महिन्याच्या आत विहीर तयार. सुरुंग नाही, घण नाही.

चाळीस लाखांत चार हजार पाथरवट. वर्षातून आठ महिने काम केलं तर ९,६०,००० घनमीटर, म्हणजे साडेपाच हजारांवर विहिरी दर वर्षी. शंभर वर्षांत साडेपाच लाख! तुमच्या प्रदेशाचं क्षेत्रफळ ८३,६०० चौरस किमी. दर चौरस किमीला सहा-सात विहिरी. ही गोष्ट तुमच्या इतिहासात कुठंच दिसत नाही. लोक तलवारी, किल्ले आणि राजवाडे यांचा विचार आधी करतात. या मातीत असली विद्या सापडली तर पहिलं काम विहीर.

आणि मग बिघडतं. बेसाल्टमध्ये, म्हणजे आपल्या या काळ्या पाषाणात, पाणी धरून ठेवायला जागाच कमी. शंभर घनमीटर झिजलेल्या खडकातून हाती येणारं पाणी एक ते तीन घनमीटर. विहीर खोल नेली म्हणून पाणी वाढत नाही. शेजाऱ्याचं तुमच्याकडं येतं इतकंच. पहिल्या शतकात भरभराट, उसासारखी पिकं, वस्ती दुप्पट. दुसऱ्या-तिसऱ्या शतकात उन्हाळ्यात विहिरी कोरड्या, मग आणखी खोल, मग वरच्या गावानं खालच्या गावाचं पाणी तोडलं म्हणून भांडणं. राज्यात पाथरवटांवर पहिला कायदा येईल तो खोलीचा: अमुक परसांखाली हात लावायचा नाही. परस हे खोलीचं जुनं माप वापरा, मीटर नको. मोडणाऱ्याची शिक्षा काय, ती तुम्ही ठरवा.

दुसरं, किल्ले. तीन मीटर जाड दगडी तटातून माणूस वाकून जाईल एवढं भोक, एक मीटर रुंद आणि दीड मीटर उंच, म्हणजे साडेचार घनमीटर. शत्रूचा एकच पाथरवट पाच रात्रींत आत. म्हणजे त्या जगात दगडी तट कोणी बांधणारच नाही. तट मातीचे आणि विटांचे असतील, आपल्याकडच्या गढ्यांसारखे. गढी पांढरीवर असते, पांढऱ्या मातीची, भिंती खाली पुरुषभर जाड आणि वर निमुळत्या. काळ्या मातीवर काही उभं करू नका: ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, भिंत दोन-चार वर्षांत तडकते. गाव पांढरीवर आणि शेत काळीवर ही आपली जुनी रीत उगाच नाही.

खंदक मात्र दगडात खोदलेले आणि प्रचंड, कारण ते स्वस्तात होतात आणि तिथं दगड काढून टाकल्यानं बचावच होतो. काळदुर्गाचे तासलेले कडेही चालतील, त्यात भोक पाडून चढणारा वरून दिसतो.

धरणाचं बघायचं असेल तर नळदुर्ग. बोरी नदीवर किल्ल्यातच बांध घातला, १६१३ मध्ये पुरा झाला, आणि बांधाच्या पोटात पाणीमहाल. जास्तीचं पाणी नर आणि मादी अशा दोन सांडव्यांवरून पडतं. तुमच्या जगात असा बांध शत्रूच्या एका हाताच्या अंतरावर फुटू शकतो. त्यामुळं बांधावर पहारा किल्ल्यापेक्षा कडक असणार.

तगर ते भडोच

वरचे दोघे बरोबर बोललेत. मी राजधानी आणि माणसांच्या हिशोबाचं बोलतो.

हजार वर्षं एकच राजधानी हे आपल्या भागात बसत नाही. सातवाहनांचं प्रतिष्ठान, म्हणजे पैठण, गोदाकाठी. मग कित्येक शतकं राजधान्या प्रदेशाबाहेर, आपण कुणाचा तरी प्रांत. राष्ट्रकूटांनी वेरूळचं कैलास कोरलं पण त्यांची राजधानी पुढं मान्यखेटला गेली. यादवांनी देवगिरी बसवलं. १२९६ ला खिलजीची धाड, १३२७ ला तुघलकानं दिल्लीहून राजधानी आणली आणि काही वर्षांतच परत नेली. १३४७ ला बहमनी राज्य दौलताबादेत, म्हणजे देवगिरीवरच, जन्मलं आणि लगेच गुलबर्ग्याला निघून गेलं. १६१० ला मलिक अंबरनं खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद, वसवलं. निजामानंही आधी औरंगाबाद, मग हैदराबाद. म्हणजे सिंहासन इथं येतं आणि निघून जातं. हा इतिहास तुमच्या सलग हजार वर्षांपेक्षा कितीतरी रसाळ आहे, तो वापरा.

गंमत अशी की पैठण, देवगिरी, खडकी या तिन्ही जागा साठेक किमीच्या आत आहेत. नदीवरचं बाजारगाव, मग चढायला अवघड डोंगर, मग डोंगराच्या पायथ्याशी नहरींवर वसलेलं शहर. उत्तरेकडून घाट उतरून येणाऱ्या वाटा जिथं गोदेच्या उताराला भिडतात, ती गाठ तीच राहते. तिच्यावर बसणारं गाव बदलतं. काळदुर्गाच्या पन्नास किमीत दोन जुन्या, अर्धवट ओसाड राजधान्या दाखवा. पहिली नदीकाठी. दुसरी डोंगरावर, पाणी कमी पडलं म्हणून सोडलेली. तिसरी आत्ताची, आणि तिला पाणी जमिनीखालच्या नहरीनं डोंगरातून येतं, खडकीसारखं. नहरीचा उतार फार हलका ठेवायचा, मध्ये मध्ये हवा सुटायला आणि गाळ काढायला उभी भोकं. ती बुजली की शहर तहानलं. वेढा घालणाऱ्याला तटाची गरजच नाही.

आता दोन लाख वस्ती. माणशी रोज अर्धा किलो धान्य धरलं तर रोज १,००० क्विंटल. बैलगाडीत आठ ते दहा क्विंटल, म्हणजे रोज शंभर ते सव्वाशे गाड्या वेशीतून आत. गाडीवाट नसेल आणि लमाणांच्या तांड्यानं बैलांच्या पाठीवर आणायचं तर बैलामागं क्विंटल-सव्वा क्विंटल, म्हणजे रोज आठशे ते हजार बैल. जिरायतीत जुन्या पद्धतीनं एकरी दोन क्विंटल ज्वारी आणि तिच्यातला चौथा हिस्सा शहरापर्यंत आला असं धरा: ७,३०,००० एकर पेरा लागतो. निम्मी जमीन पेऱ्याखाली असेल तर शहराभोवती जवळपास ४५ किमी त्रिज्येचं वर्तुळ फक्त त्याच्यासाठी पिकतं. दोन लाख अशक्य नाही, पण डोंगरमाथ्यावर नाही. माथ्यावर पाच हजार, पायथ्याच्या शहरात बाकीचे.

घोडदळाचं गणित याहून वाईट. घोड्याला रोज साडेतीन किलो हरभरा धरला तर पन्नास हजारांना १,७५० क्विंटल, म्हणजे अख्ख्या राजधानीपेक्षा जास्त. वैरण वेगळी. पाणी घोड्यामागं तीस लिटर म्हणजे रोज पंधरा लाख लिटर. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, तिच्या एका वाघिणीत सुमारे पन्नास हजार लिटर मावायचं. तुमचे घोडे रोज अशा तीस वाघिणी पितील. घोडदळ बारा-पंधरा हजारांवर आणा आणि तेही तीन वाटांनी पाठवा.

वेग: पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी टिपणात भडोचहून पैठण वीस दिवस आणि पैठणहून तगर, म्हणजे तेर, दहा दिवस असं दिलंय. पैठण ते तेर सरळ अंतर दीडशे किमी. म्हणजे मालाच्या गाड्या दिवसाला पंधरा-वीस किमी. सडे घोडेस्वार चाळीस-पन्नास किमी, तेही चार-पाच दिवस. पुढं घोडे बसतात. १९० किमी तीन दिवसांत म्हणजे दिवसाला ६३. जोडघोडे घेतलेली हजारभर माणसं ते करतील. फौज करणार नाही. फौजेला दहा-बारा दिवस द्या.

देवगिरीच्या १२९६ च्या वेढ्याबद्दल सांगतात की धान्य समजून गडावर नेलेली पोती मिठाची निघाली. खरं-खोटं बाजूला ठेवा, किल्ले बहुतेक वेळा असेच पडतात, आतल्या पोत्यांमुळं.

शाळूचं कणीस

बापरे. गढीचं आणि विहिरींच्या कायद्याचं उचललंच म्हणून समजा. दोन प्रश्न उरले. आषाढातली स्वारी आणि पूर, हे कसंही करून जमवायचंय. आणि प्रदेशात एक भूकंप हवा, पण डोंगररांग तर लांब पश्चिमेला आहे.

जिरायतदार

आषाढात काळ्या रानात फौज काढणारा राजा कादंबरीच्या दुसऱ्या प्रकरणात मरायला पाहिजे. गाडीचं चाक आरीपर्यंत रुततं, बैलाच्या पायाला मणभर चिखल. दसऱ्याला शिलंगण करून निघायचे ते यासाठी: ओढ्यांना पाणी असतं, रानात गवत उभं असतं, बाजरी खळ्यावर आलेली असते आणि वाट वाळलेली असते. माघ-फाल्गुनात शाळू निघतो, मग गावोगावी कडब्याच्या गंजी. तेव्हा फौजेला वैरण लुटून मिळते पण ओढे आटलेले. म्हणजे निघायचे दोन हंगाम, एकात पाणी आणि गवत, दुसऱ्यात धान्य आणि कडबा.

तुम्हाला पूर हवा तर असं करा. शत्रू उन्हाळ्यात आलाय आणि परतायला उशीर झालाय, मृग उलटून गेलाय. तो नदीकाठच्या मोकळ्या वाळूत तळ ठोकून आहे कारण काळ्या रानात तंबूची मेखही धरत नाही. आभाळ कोरडं, मधल्या पट्ट्यात पाऊस नाही. पण दातेरीवर तीन-चार दिवस धो-धो कोसळतोय. गोदेला असा पूर येतो, इथं थेंब नाही आणि पाणी चढतंय. वरून यायला त्याला काही दिवस लागतात. काठच्या कोळ्यांना पाण्याचा रंग बदलल्यावर कळतं, परक्याला कळत नाही. याउलट बिंदुसरा-सिंदफणासारख्या बालाघाटातून उतरणाऱ्या नद्या काही तासांत चढतात आणि उतरतात. तिथं तळ बुडतो पण फौज अडकून पडत नाही. तुम्हाला कोणता पूर हवा ते ठरवून तळाची जागा निवडा.

भूकंपाला डोंगररांग लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप पठाराच्या पोटात झाला, पहाटे चारच्या सुमाराला, जवळपास दहा हजार माणसं गेली. गोल, अनघड दगडांच्या मातीत रचलेल्या भिंती आणि वर माळवदाची जाड माती; भिंत आधी फुटली आणि छप्पर झोपलेल्यांवर आलं. तुमच्या जगात पाथरवटांमुळं चौकोनी घडीव दगड स्वस्त असेल, तर कमी घरं कोसळतील. लाकडी खांबांवर तोललेलं माळवद असेल तर भिंत ढासळूनही छप्पर उभं राहू शकतं. गरीब कोळीवाडा आणि सरदारांची आळी यांत हा फरक दाखवता येईल.

आणखी एक. तगर ते भडोच यांचं ४५ किमीचं वर्तुळ चांगल्या वर्षाचं आहे. आपल्याकडं तीन-चार वर्षांत एक वर्ष हात आखडतं. निम्मं पीक आलं की वर्तुळ ६० किमीच्या पुढं जातं, आणि गाडीचे बैल वाटेतच निम्मा कडबा खातात. त्यामुळं राजधानीत किमान दोन वर्षांच्या धान्याची पेवं, म्हणजे जमिनीतली कोठारं, पाहिजेत. पेव पांढरीत किंवा मुरमात खणतात, आत कडबा आणि भुसा लावून तोंड मातीनं बंद करतात. काळ्या मातीत ओल शिरते आणि ज्वारी काळी पडते. पेव उघडल्याबरोबर आत उतरायचं नाही, कोंडलेल्या हवेत माणूस गुदमरून मरतो. आधी दिवा सोडून बघतात.

बालाघाटी

पेवाचं पक्कं. नकाशावर एक दुरुस्ती राहिली: उत्तरेचं सरोवर. बेसाल्टच्या पठारावर नैसर्गिक मोठं गोडं सरोवर जवळजवळ सापडत नाही, पाणी नद्यांनी वाहून जातं. ठेवायचंच असेल तर आपल्या हद्दीला लागून असलेल्या लोणारसारखं करा: उल्केनं पडलेला, पावणेदोन-दोन किमी व्यासाचा गोल खळगा, बाहेर जायला वाट नाही म्हणून पाणी खारट आणि क्षारयुक्त, काठावर मात्र गोड्या पाण्याचा झरा. पाथरवट विद्या पहिल्यांदा तिथंच सापडली असं लिहिलंत तरी चालेल, तिथला दगड आघातानं वेगळा झालेला असतो.

गावांची नावं सगळी एकाच साच्याची ठेवू नका. नदीकाठी जुनी, अर्थ न लागणारी; बाजारपेठांना राजांच्या नावाची; रानात वाड्या आणि तांडे. आणि नकाशावर पट्टी किमीऐवजी मजलांची लावा, मजल म्हणजे गाडीचा एक दिवस. पश्चिमेच्या माळरानावर ती वीस किमी, मधल्या काळ्या रानात पंधरा, आणि पावसाळ्यात तिथं पट्टीच नाही.